लिनक्ससाठी डेस्कटॉप निवडताना: आधी स्क्रीन, मग रॅम, रूप सगळ्यात शेवटी

लिनक्सवर येऊ पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो डिस्ट्रोचा, म्हणजे लिनक्सच्या कुठल्या तयार संचाचा. उबंटू घ्यावं, मिंट घ्यावं की फेडोरा? खरं तर यातल्या बऱ्याच जणांना जे आवडतं किंवा खटकतं ते डिस्ट्रो नसतंच, त्यावर बसवलेलं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट असतं. खालचं किंवा बाजूचं पॅनेल, मेनू, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना दाखवणारी चौकट, खिडक्या उघडण्या-हलवण्याची पद्धत हा सगळा संच म्हणजे डेस्कटॉप. कर्नल (सिस्टमचा गाभा), ड्रायव्हर आणि पॅकेजेस त्याच्या खाली असतात आणि डेस्कटॉप बदलला तरी तीच राहतात. म्हणून वायफाय चालत नाही या कारणासाठी डेस्कटॉप बदलणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, गिंप वगैरे तर कुठल्याही डेस्कटॉपवर चालतात.

इतके पर्याय का आहेत, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढे निवडताना ते उपयोगी पडतं. १९९६ मध्ये केडीई प्रकल्प सुरू झाला. तो क्यूटी या टूलकिटवर (खिडक्या, बटणं बांधायच्या तयार संचावर) उभा होता आणि त्या वेळी क्यूटीचा परवाना पूर्ण मुक्त नव्हता. त्याला उत्तर म्हणून १९९७ मध्ये ग्नोम आला, जीटीके टूलकिट वापरून. क्यूटीच्या परवान्याचा वाद पुढे मिटला, पण दोन घराणी कायम राहिली. २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडून टाकली. ज्यांना ते पटलं नाही त्यांच्यापैकी काहींनी ग्नोम २ चा कोड पुढे चालू ठेवला, तो माटे. मिंटवाल्यांनी नव्या ग्नोमच्या पायावर जुन्या वळणाचा डेस्कटॉप बांधला, तो सिनॅमन. म्हणजे आज दिसणारे पर्याय बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या मतभेदातून जन्मले आहेत. आपण मतभेदाच्या कोणत्या बाजूला आहोत हे कळलं की यादी आपोआप लहान होते.

पायरी १: आधी यंत्राकडे बघा, आणि त्यातही स्क्रीनकडे

जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "माझी रॅम इतकी आहे, कुठला डेस्कटॉप चालेल?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न स्क्रीनचा, कारण रॅम कमी पडली तर काम संथ होतं, पण अक्षरं डोळ्यांना झेपेनाशी झाली तर काम थांबतं.

स्क्रीनची घनता काढायला सोपं सूत्र आहे. आडव्या आणि उभ्या पिक्सेलचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा आणि स्क्रीनच्या इंचांनी भागा. २४ इंची फुल एचडी मॉनिटरची घनता साधारण ९२ (इंचाला इतके पिक्सेल) येते. तिथे काहीच मोठं करायची गरज नाही, कुठलाही डेस्कटॉप निवडा. १४ इंची फुल एचडी लॅपटॉपची १५७ येते. तिथे १०० टक्क्यांवर अक्षरं बारीक आणि २०० टक्क्यांवर सगळंच अवाढव्य दिसतं, म्हणजे १२५ किंवा १५० टक्के हवेत. २७ इंची फोर-के मॉनिटरही १६३ च्या आसपास, तिथेही तीच अडचण. १३.३ इंची २५६० बाय १६०० स्क्रीनची घनता २२७ येते, तिथे सरळ २०० टक्के चालून जातात.

अडचण येते ती या मधल्या टक्क्यांची. केडीईचा आजचा डेस्कटॉप प्लाझ्मा वेलँडवर (पडद्यावर चित्र उमटवण्याची नवी पद्धत, खुलासा पुढे येतो) हे काम सगळ्यात नीट करतो. प्रत्येक मॉनिटरसाठी वेगळी सरकपट्टी असते, हवा तो टक्का ठेवा. ग्नोममध्येही हे होतं, पण काही डिस्ट्रोंमध्ये हा पर्याय आधी वेगळा चालू करावा लागतो. सिनॅमनमध्ये ४.६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, मधले टक्के मिळतात. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आणि माटे इथे मागे आहेत. त्यांना दुप्पट करणं जमतं, दीडपट नीट जमत नाही. फक्त एकच स्क्रीन असेल तर त्यांच्यात अक्षरांचा डीपीआय वाढवून भागतं आणि ते पुरेसं छान दिसतं. पण लॅपटॉप दाट घनतेचा आणि बाहेरचा मॉनिटर साधा असं असेल, तर प्लाझ्मा किंवा ग्नोम, वेलँडवर. बाकी पर्यायांच्या मागे लागू नका.

उलट टोकाचा प्रश्न १३६६ बाय ७६८ च्या जुन्या लॅपटॉपचा. तिथे उभी जागा कमी. ग्नोममधल्या खिडक्यांचे वरचे पट्टे जाड असतात, वर एक पॅनेल असतं, आणि वाचायला जागा उरत नाही. अशा वेळी पॅनेल डाव्या बाजूला उभं लावता येईल असा डेस्कटॉप घ्या. एक्सएफसीईमध्ये त्यासाठी डेस्कबार नावाची खास मांडणीच आहे.

स्क्रीननंतर ग्राफिक्स कार्ड. इंटेल किंवा एएमडी असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. एनव्हिडिया असेल तर कार्ड किती जुनं आहे ते पाहा. ज्यांना ४७० किंवा ३९० मालिकेचे जुने ड्रायव्हर लागतात त्या कार्डांवर वेलँड डोकेदुखी ठरतं, तिथे एक्स११ वर चालणारा सिनॅमन, माटे किंवा एक्सएफसीई घ्यावा. नव्या कार्डांवर २०२४ मधल्या ५५५ मालिकेच्या ड्रायव्हरनंतर खिडक्या लुकलुकण्याचा त्रास बराच कमी झाला.

वेलँड आणि एक्स११ हे शब्द वारंवार येणार, म्हणून एवढं लक्षात ठेवा. पडद्यावर चित्र उमटवण्याच्या या दोन पद्धती आहेत. एक्स११ ही १९८७ पासूनची, वेलँडचं काम २००८ मध्ये सुरू झालं. ग्नोमने ४९ व्या आवृत्तीत एक्स११ चं सत्र मुळातच बंद ठेवलं आणि प्लाझ्माही त्याच वाटेवर आहे. एक्सएफसीईच्या ४.२० मध्ये आणि सिनॅमनमध्ये वेलँड आहे, पण प्रयोग म्हणून. रोजच्या कामासाठी त्यांच्यावर अजून विसंबू नका.

आता रॅम. ८ जीबी किंवा जास्त असेल तर डेस्कटॉपच्या वजनाची चर्चा विसरा. ब्राउझरमध्ये टॅब भराभर उघडले की डेस्कटॉपांमधला फरक त्यात बुडून जातो. ४ जीबीवर एक्सएफसीई किंवा माटे आरामात चालतात. प्लाझ्माही चालतो, तो जड असल्याची ख्याती जुन्या आवृत्त्यांपासून चिकटलेली आहे. २ जीबीवर एलएक्सक्यूटी हा आणखी एक हलका डेस्कटॉप किंवा एक्सएफसीई, आणि ब्राउझर जपून. यंत्रात अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर एक सांगतो: तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो कुठलाही डेस्कटॉप बदलून पडणार नाही.

पायरी २: स्वतःच्या सवयी पाहा

एक-दोन दिवस स्वतःकडे लक्ष ठेवा. एका वेळी किती खिडक्या उघड्या असतात? त्यांच्यात तुम्ही माऊसने जाता की आल्ट-टॅबने? डेस्कटॉपवर फाइल्स टाकून ठेवता का? खिडकी मिनिमाइझ करता की मागे तशीच राहू देता? ही उत्तरं क्षुल्लक वाटतात, पण ग्नोम आवडेल की नाही हे इथेच ठरतं.

पायरी ३: एकेकाचा स्वभाव

ग्नोमची एक ठाम भूमिका आहे आणि तो ती सोडत नाही. मूळ ग्नोममध्ये डेस्कटॉपवर चिन्हं नाहीत, मिनिमाइझचं बटण नाही, कायम दिसणारी डॉक (ॲप्सची पट्टी) नाही. सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली) दाबली की सगळ्या खिडक्या समोर पसरतात, टाइप करायला लागलं की शोध सुरू होतो, आणि कामं वेगवेगळ्या वर्कस्पेसवर (स्वतंत्र आभासी पडद्यांवर) मांडायची असतात. टचपॅडवर तीन बोटांनी सरकत वर्कस्पेस बदलणं इतकं सहज आहे की लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना पुन्हा माऊस नकोसा होतो. ज्याला ही पद्धत पटते त्याला दुसरं काही नको वाटतं. ज्याला पटत नाही तो एक्स्टेन्शन (वरून जोडायच्या सोयी) टाकत सुटतो, आणि तिथेच घोटाळा होतो. एक्स्टेन्शन ग्नोम शेलच्या, म्हणजे पॅनेल आणि खिडक्या सांभाळणाऱ्या मुख्य प्रोग्रामच्या, प्रक्रियेतच चालतात. एखादं बिघडलं की शेल कोसळू शकतं, आणि वेलँडवर शेल कोसळलं म्हणजे उघड्या खिडक्याही गेल्या. शिवाय ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एक्स्टेन्शन मागे पडतात. २०२३ च्या ग्नोम ४५ मध्ये अंतर्गत रचना बदलली तेव्हा प्रत्येक एक्स्टेन्शन नव्याने दुरुस्त करावं लागलं होतं. माझा नियम साधा आहे: ग्नोम वापरता यावा म्हणून चार-पाचपेक्षा जास्त एक्स्टेन्शन लागत असतील, तर तुम्हाला ग्नोम नकोच आहे. उबंटू डॉक आणि मिनिमाइझचं बटण स्वतःच जोडून देतं, त्यामुळे उबंटूचा ग्नोम पाहून मूळ ग्नोमबद्दल मत बनवू नका.

केडीई प्लाझ्मा अगदी विरुद्ध टोकाचा. पहिल्यांदा उघडल्यावर ओळखीचा वाटतो: खाली पॅनेल, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. आतमध्ये मात्र सेटिंग्जचा समुद्र आहे. पडद्याच्या कुठल्या कोपऱ्याला माऊस टेकवल्यावर काय व्हावं, अमुक प्रोग्राम कायम दुसऱ्या मॉनिटरवरच उघडावा, पॅनेल फक्त गरजेपुरतं दिसावं, सगळं ठरवता येतं. कॉपी केलेल्या गोष्टींचा इतिहास मुळातच मिळतो, ग्नोममध्ये त्यासाठी एक्स्टेन्शन लागतं. डॉल्फिन हा त्याचा फाइल मॅनेजर, आणि दोन भागांत दोन फोल्डर शेजारी उघडून काम करणाऱ्याला त्याच्यासारखा दुसरा सापडणं कठीण. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या प्लाझ्मा ६ पासून वेलँड हीच मूळ पद्धत झाली आणि फाइल उघडायला एका क्लिकऐवजी दोन क्लिक लागू लागले. वर्षानुवर्षं नवख्यांना गोंधळात टाकणारी ती सवय अखेर गेली. धोका इतकाच की सेटिंग्जमध्ये रमून संध्याकाळ जाते. पहिले काही आठवडे आहे तसाच वापरा. थीम तर अजिबात बदलू नका, कारण बाहेरून उतरवलेल्या ग्लोबल थीममध्ये चालणारा कोडही असू शकतो. दिसायला छान म्हणून कुणाचीही उचलू नये.

सिनॅमन हा ज्यांना डेस्कटॉपबद्दल विचारच करायचा नाही त्यांच्यासाठी, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय. विंडोजवरून आलेल्या घरातल्या मोठ्यांना, कार्यालयातल्या संगणकाला, शाळेतल्या प्रयोगशाळेला मी डोळे झाकून मिंटसह सिनॅमन सुचवतो. नेमो हा फाइल मॅनेजर सरळ आहे, सेटिंग्ज पुरेशा आहेत आणि नवी आवृत्ती आली म्हणून मांडणी उलटीपालटी होत नाही.

एक्सएफसीई तितकाच शांत पण जास्त हलका. १९९६ पासून चालू आहे आणि बदल जपून करतो. उणिवा बारीक आहेत. रात्री पडदा पिवळसर करण्याची सोय त्यात नाही, रेडशिफ्टसारखं वेगळं साधन बसवावं लागतं. खिडकीची कड इतकी बारीक की माऊसच्या चिमटीत सापडत नाही. त्यावर उपाय असा: आल्ट दाबून ठेवा आणि खिडकीत कुठेही उजवं बटण दाबून ओढा, आकार बदलतो.

माटे ज्यांना ग्नोम २ ची आठवण येते त्यांचा, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा ऑर्का हा प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठीही चांगला, तरी त्या कामात ग्नोमचा क्रमांक आधी लावावा. एलएक्सक्यूटी फार जुन्या यंत्रांसाठी. बजी देखणा आहे, वापरणारे कमी. कॉस्मिक हा सिस्टम७६ कंपनीचा रस्ट भाषेत मुळापासून लिहिलेला नवा डेस्कटॉप. खिडक्या आपोआप शेजारी लावण्याची सोय त्यात सुंदर आहे, कुतूहल असेल तर बघा. आय३, स्वे, हायपरलँड हे नुसते विंडो मॅनेजर आहेत, पूर्ण डेस्कटॉप नव्हेत. आवाज, वायफाय, पडद्याचा प्रकाश यांची सोय तिथे स्वतः जोडावी लागते. ज्यांना हे हवं असतं ते असे लेख वाचत नाहीत.

पायरी ४: डेस्कटॉप ठरला, आता त्याचं घर शोधा

प्रत्येक डिस्ट्रो एखाद-दुसऱ्या डेस्कटॉपला घरचा मानते आणि बाकीच्यांना पाहुणा. घरच्याची चाचणी आधी होते, चुका आधी सुधारल्या जातात. सिनॅमन हवा तर मिंट. ग्नोम हवा तर फेडोरा वर्कस्टेशन किंवा उबंटू. प्लाझ्मासाठी फेडोरा, जिथे ४२ व्या आवृत्तीपासून त्याला ग्नोमच्या बरोबरीचं स्थान मिळालं, किंवा कुबंटू. एक्सएफसीईसाठी झुबंटू, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा डेबियन. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये तर डेस्कटॉपांची यादीच समोर येते, हवा त्यावर खूण करायची.

उबंटूच्या भावंडांबद्दल एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. मूळ उबंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या) आवृत्तीला पाच वर्षं नियमित अपडेट मिळतात, कुबंटू, झुबंटू, लुबंटू वगैरेंना तीन वर्षं. यंत्र बसवून विसरून जायचं असेल तर हा फरक मोठा आहे.

पायरी ५: बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

व्हेंटॉय नावाचं साधन पेन ड्राइव्हवर एकदा बसवलं की नंतर नुसत्या आयएसओ फाइल्स (डिस्ट्रोच्या उतरवून घेतलेल्या प्रती) कॉपी करायच्या. एकाच ड्राइव्हवर चार डेस्कटॉप मावतात आणि सुरू करताना यादी दिसते. मात्र व्हेंटॉय बसवताना ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, आधी त्यातलं सगळं काढून घ्या. यादीत दोन, फार तर तीन नावं ठेवा.

लाइव्ह सत्र, म्हणजे न बसवता चालवलेलं लिनक्स, पेन ड्राइव्हवरून चालतं, त्यामुळे ते संथ असणारच. वेगावरून निकाल देऊ नका. याऐवजी हे तपासा:

- लॅपटॉप झाकून झोपवा आणि उघडा. पडदा, वायफाय, टचपॅड तिन्ही परत आले का?
- बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडा, मग काढा. खिडक्या मूळ पडद्यावर परतल्या का?
- व्हिडिओ कॉलमध्ये स्क्रीन शेअर करून बघा. वेलँडवर याची वाट वेगळी आहे आणि जुनी ॲप्स इथेच अडतात.
- ब्लूटूथ हेडफोन जोडा, माइकसह.
- आवाज आणि प्रकाशाच्या बटणांवर बोट ठेवा.
- काहीही न उघडता सिस्टम मॉनिटरमध्ये रॅम बघा, मग रोजचे टॅब उघडून पुन्हा बघा. दुसरा आकडाच खरा.

देवनागरी टायपिंग याच वेळी तपासून घ्या. जोडाक्षरं नीट दिसतात की नाही हे डेस्कटॉपवर अवलंबून नसतं, कारण जीटीके आणि क्यूटी दोघंही अक्षरं मांडायला हार्फबझ हीच लायब्ररी वापरतात. चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही, नोटो सॅन्स देवनागरी बसवा. लिहिण्याची सोय मात्र डेस्कटॉपप्रमाणे बदलते. ग्नोममध्ये आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करायचं साधन) आत मुरलेलं आहे: सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, तिथे मराठी जोडा आणि सुपर-स्पेसने भाषा बदला. प्लाझ्मामध्ये साधा इनस्क्रिप्ट लेआउट लगेच जोडता येतो, पण फोनेटिकसाठी आयबस किंवा एफसीआयटीएक्स ५ वापरायचं तर वेलँडवर ते व्हर्च्युअल कीबोर्डच्या पानावर निवडावं लागतं. ते पान तिथे असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पायरी ६: आहे त्या यंत्रावर दुसरा डेस्कटॉप

नव्याने बसवायचं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. लिनक्स आधीच आहे आणि पुन्हा सगळं पुसायचं नाही, त्यांच्यासाठी पुढचं.

आधी टाइमशिफ्ट या साधनाने सिस्टमचा स्नॅपशॉट (परत आणता येईल अशी प्रत) घ्या. तो होम फोल्डर सहसा घेत नाही, त्याची प्रत वेगळी ठेवा. मग चाचणीसाठी नवीन वापरकर्ता तयार करा. ही पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. दोन डेस्कटॉप एकाच खात्यातून वापरले की होममधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरमध्ये दोघांच्या सेटिंग्ज मिसळतात, कर्सर एकाचा, फॉन्ट दुसऱ्याचा अशी खिचडी होते. त्याहून वाईट म्हणजे क्रोमियम जातीचे ब्राउझर पासवर्ड कुलूपबंद करायला डेस्कटॉपचं कीरिंग (पासवर्डची तिजोरी) वापरतात. ग्नोमचं कीरिंग वेगळं, केडीईचं केवॉलेट वेगळं. त्याच खात्यातून दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये शिरलात की साठवलेले पासवर्ड वाचता येत नाहीत आणि सगळ्या साइटवरून बाहेर फेकले जाता.

पॅकेज निवडताना आटोपशीर घ्या. उबंटूवर कुबंटू-डेस्कटॉप हे मेटापॅकेज (इतर बरीच पॅकेजेस ओढून आणणारं) घेतलं तर केडीईची सगळी ॲप्स येतात आणि दोन-दोन टेक्स्ट एडिटर, दोन-दोन चित्रदर्शक होतात. केडीई-प्लाझ्मा-डेस्कटॉप हे लहान पॅकेज चाचणीला पुरतं. बसवताना डिस्प्ले मॅनेजर कुठला ठेवायचा असं विचारलं जाईल. जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम हे फक्त लॉगिनचा पडदा दाखवतात. जो आधीपासून आहे तोच राहू द्या. नंतर लॉगआउट करा, लॉगिनच्या पडद्यावर सत्र निवडायची जागा शोधा. जीडीएममध्ये वापरकर्त्याच्या नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात चक्राचं चिन्ह येतं. तिथून नवा डेस्कटॉप निवडा आणि नव्या खात्यात आत जा. निदान आठवडाभर खरं काम तिथूनच करा.

पायरी ७: नको असलेला काढणं

दुसरा डेस्कटॉप आवडला नाही तर नुसतं मेटापॅकेज काढून भागत नाही. ते फक्त नाव असतं, त्याने आणलेली शेकडो पॅकेजेस मागे राहू शकतात. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे आधी घेतलेला स्नॅपशॉट परत आणणं. तो नसेल तर ॲप्टचा (उबंटू, डेबियनच्या पॅकेज मॅनेजरचा) इतिहास नोंदवलेली फाइल लॉग फोल्डरमध्ये सापडते, त्यात त्या दिवशी नेमकं काय काय आलं याची यादी असते. काढण्याआधी पॅकेज मॅनेजर जी यादी दाखवतो ती शेवटपर्यंत वाचा. त्यात नेटवर्कमॅनेजर, डिस्प्ले मॅनेजर किंवा तुमच्या मूळ डेस्कटॉपचं नाव दिसलं तर नकार द्या आणि पॅकेजेस थोडी थोडी करून काढा. नंतर चाचणीचं खातं त्याच्या होम फोल्डरसह पुसून टाका, म्हणजे त्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जही जातात.

आणि नवाच आवडला असेल तर घाईने जुना काढू नका. तो डिस्कची थोडी जागा खाईल इतकंच. एखाद्या अपडेटनंतर नवा डेस्कटॉप सुरूच झाला नाही, तर लॉगिनच्या पडद्यावरून जुन्यात शिरून दुरुस्ती करता येते.